घडीची नाव आणि तीन किलोंचा हिशेब

घडीची नाव म्हणजे बिजागऱ्यांनी जोडलेल्या चार-पाच सपाट प्लास्टिक पत्र्यांची होडी. मिटली की तिची जाडी वीतभरही राहत नाही. उघडून आत बसायच्या फळ्या अडकवल्या की पाण्यात सोडता येते. यवतमाळ जिल्ह्यात तिचा उपयोग सहज ध्यानात यावा. पैनगंगेवरचे इसापूर, दिग्रसजवळचे अरुणावती, बाभूळगावजवळचे बेंबळा या धरणांचे पाणी उन्हाळ्यात काठ सोडून पार आत सरकते. मग डोंगा चिखलातून ओढत न्यावा लागतो, नाहीतर ट्यूब किंवा थर्माकोलवर बसून फासजाळे सोडावे लागते.

एवढा पातळ पत्रा माणसांचा भार पेलतो कसा? पळसाचे पान हातात लुळे पडते, पण त्याचाच द्रोण टाचला की त्यात वरण राहते. एका दिशेने वाकवलेला पत्रा ताणल्याशिवाय दुसऱ्या दिशेने वाकत नाही. गणितज्ञ गाऊसने १८२७ मध्ये मांडलेल्या प्रमेयाचा हा परिणाम. बिजागरीचे काम पॉलिप्रॉपिलीन करते. शाम्पूच्या बाटलीचे झाकण हजारो वेळा उघडूनही तुटत नाही, ते त्यामुळेच.

अशा नावेच्या आधीच्या, कापडी प्रकाराचे श्रेय बहुधा जर्मनीतल्या क्लेपर कंपनीला दिले जाते. खरा कर्ता आल्फ्रेड हॉयरिश. म्युनिकमध्ये वास्तुकला शिकणाऱ्या या तरुणाने १९०५ मध्ये सांगाड्यावर कापड चढवून घडीची नाव केली आणि इझार नदीत चालवली. सांगाडा होता बांबूचा! १९०७ मध्ये रोझेनहाइमचे शिंपी योहान क्लेपर यांनी तिचे हक्क घेतले. नाव झाले शिंप्याचे. पुढे १९३२ मध्ये ऑस्कर स्पेक अशाच नावेतून जर्मनीहून निघाला आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्याने जात १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. तेव्हा घडीची नाव म्हणजे खेळणे, हा समज चुकीचा.

मासेमारीत मात्र प्रश्न वेगाचा नसून तोल सांभाळण्याचा असतो. तळाचा पाण्याला टेकणारा भाग दोन चौरस मीटर धरला, तर दोन माणसे, जाळे आणि रोहू-कटला मिळून २०० किलो भाराने नाव सुमारे १० सेंटीमीटर बुडते. जाळे एका बाजूने ओढताना ती कलते. हा कल सावरणारा जोर रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो: लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर आठपट. म्हणून विकत घेताना लांबीआधी रुंदी पाहावी.

‘कधीच बुडत नाही’ ही जाहिरात तपासून घ्यावी. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, घनता सुमारे ०.९. म्हणजे ३० किलोची नाव पूर्ण बुडाली तर ३३ लिटर पाणी बाजूला सारते आणि वर उरते जेमतेम तीन किलोंचे उत्प्लावन. नाव तरंगेल, पण तिला धरून लटकणारे दोघे तरंगतील याची हमी नाही. बैठकीखाली फोम असेल तरच थोडा आधार मिळतो.

विदर्भातल्या उन्हाचाही विचार हवा. अतिनील किरणांनी हे प्लास्टिक ठिसूळ होते, म्हणून काम झाले की नाव मिटून सावलीत ठेवावी. गळ टाकायला किंवा शांत पाण्यात छोटे जाळे सोडायला ती पुरेशी आहे. पुरात आणि वारा सुटलेल्या रुंद जलाशयात ती नेऊ नये. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवेच, आणि जलाशय सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल तर आधी संस्थेची परवानगी घ्यावी.