चिकन, प्रतिजैविके आणि आपला ओटा

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, रविवारी नालासोपारा-विरारला चिकनच्या दुकानांवर केवढी गर्दी असते, ते तुम्ही पाहताच. वर्गात सूक्ष्मजीव शिकवताना एका मुलाने विचारलं, "सर, कोंबडीला दिलेलं औषध आपल्या पोटात येतं का?"

येऊ शकतं. २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने तिकडच्या चिकनचे ७० नमुने तपासले, त्यात ४० टक्क्यांमध्ये प्रतिजैविकांचे अंश सापडले. पण त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. पोल्ट्रीत पक्षी दाटीवाटीने वाढतात. आजार पसरू नये, वजन लवकर भरावं म्हणून खाद्यातून थोडं थोडं प्रतिजैविक दिलं जातं. त्याने कमजोर जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच संख्या वाढते. अशा जिवाणूंनी माणूस आजारी पडला, तर नेहमीची गोळी चालत नाही. कोलिस्टिन हे तर बाकी औषधं हरल्यावर द्यायचं औषध. तेही कोंबड्यांना देत होते! जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली.

मग चिकन सोडायचं का? नाही हो. आतपर्यंत नीट शिजलं की जिवाणू मरतात, चिवट असले तरी. घोळ होतो तो शिजवण्याआधी. आपण चिकन नळाखाली खळखळून धुतो, शिंतोडे शेजारच्या धुतलेल्या भांड्यांवर जातात. त्याच सुरीने कोशिंबिरीची काकडी चिरतो. आमच्याही घरी हेच चालायचं. आता चिकनची सुरी आणि पाट वेगळा ठेवलाय, आणि कच्च्या चिकनला हात लागला की आधी साबण, मग मिठाचा डबा.