‘ताप’ नावाच्या रकान्याखाली

1918 सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने हिंदुस्थानभर जो संहार केला, त्याचा सर्वांत जबर तडाखा मध्य प्रांत व वऱ्हाडाला बसला. वाशिम तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. इंग्रजी अमदानीतील तो जिल्हा 1905 साली मोडून अकोला व यवतमाळ यांत वाटून टाकण्यात आला होता. पुन्हा जिल्ह्याचा दर्जा मिळण्यास 1998 साल उजाडावे लागले. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते, आणि ऐन सुगीच्या दिवसांत घरेच्या घरे एकदम अंथरुणाला खिळली. गावातील मृत्यूंची वर्दी गावकामगारांमार्फत वर जात असे. त्या नोंदींत देवी, पटकी आणि प्लेग यांना आपापले रकाने होते, इन्फ्लुएन्झाला नव्हता. त्यामुळे या साथीतील बहुसंख्य माणसे सरकारदरबारी ‘ताप’ या एका मोघम शब्दाखाली मेली. कित्येक ठिकाणी तर नोंद करणाराच आजारी पडल्याने तेवढीही नोंद झाली नाही.

या मोघमपणाचा परिणाम आकड्यांवर झाला, तो आजतागायत निस्तरलेला नाही. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी आपल्या प्राथमिक अहवालात बळींचा अंदाज सुमारे साठ लाख केला. 1986 साली मिल्स या अभ्यासकाने तो पावणेदोन कोटींच्या घरात नेला. सिद्धार्थ चंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये तो एक कोटी अडतीस लाखांवर आणला. एकाच साथीविषयीच्या या अंदाजांत कोटी माणसांचा फरक पडतो. कारण यांपैकी कोणालाही मेलेल्यांची मोजदाद करता आली नाही; नेहमीच्या वर्षांतील मृत्यू वजा करून किंवा 1911 व 1921 च्या जनगणना ताडून उरलेली तूट तेवढी मोजता आली. आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या मागील दशकापेक्षा कमी भरली, अशी 1921 ची जनगणना एकमेव होय.

श्वसनमार्गाच्या विषाणूंचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाची खरी अडचण या जुन्या रकान्यात दिसते. पटकी किंवा देवी हे रोग आपले नाव स्वतःच सांगतात. इन्फ्लुएन्झा, करोना, आर.एस.व्ही. आणि त्यांचे अर्धा डझन भाऊबंद मात्र सर्दी, खोकला, ताप आणि धाप या एकाच वेषात येतात. नाकातील स्राव तपासल्यावाचून डॉक्टरलाही त्यांतील फरक सांगता येत नाही. शिवाय रुग्णालयाच्या नोंदवहीतून हाती येतो तो केवळ अंश. छेद गावात असतो. किती मुलांमागे किती आजारी पडली आणि त्यांतील किती दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत, हे कळल्याशिवाय रोगाचा भार समजत नाही. शाळेत अपूर्णांक शिकविणाऱ्या गुरुजींना हे सांगावयास नको. आरोग्य खात्याला मात्र ते वारंवार सांगावे लागते.

हा छेद शोधण्याचे मोठे काम विदर्भातच झाले. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत 1986 साली काम सुरू केले, तेव्हा तेथील बालमृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा फार मोठा होता. एक्स-रे नाही, डॉक्टर नाही, अशा गावांत निदान करावयाचे तरी कसे? त्यांनी मुलाचे श्वास मोजण्याचा मार्ग धरला. दोन महिने ते एक वर्ष वयाचे मूल मिनिटाला पन्नास किंवा अधिक श्वास घेत असेल तर न्यूमोनियाचा संशय धरावा, हे साधे गणित गावातल्या कार्यकर्त्यांना शिकविण्यात आले. ज्यांना अंक येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधन तयार झाले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात 1990 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जेथे ही योजना राबविली त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आले.

तथापि प्रतिजैविक औषध जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. औषध देऊनही जी मुले जातात, ती कशाने जातात? या प्रश्नाचा माग वाशिमला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात घेण्यात आला. आशिष सातव यांची ‘महान’ ही संस्था तेथे दोन तपांहून अधिक काळ काम करीत आहे. कोलोरॅडो विद्यापीठाचे एरिक सिमोएस यांच्या सहकार्याने तिने 2016 पासून दोन वर्षांखालील मुलांमधील आर.एस.व्ही. या विषाणूचा गावपातळीवर मागोवा घेतला. गावच्याच आरोग्यसेविका घरोघर जात, आजारी मूल हेरीत, नाकातील स्रावाचा नमुना घेत. मूल दगावले तर त्या मृत मुलाच्या नाकातूनही, आईबापांच्या संमतीने, नमुना घेतला जाई. पुरण्याची तयारी चाललेल्या घरात जाऊन ही संमती मागणे काय असते, याची कल्पना प्रयोगशाळेतील तक्त्यावरून येणार नाही. गावची बाई गावच्याच घरी गेली होती, म्हणूनच ते साध्य झाले असावे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने रुग्णालयाबाहेर, घरच्या घरी होणाऱ्या बालमृत्यूंतही या विषाणूचा हात असल्याचा पुरावा दिला.

जगाच्या हिशेबातही हे बसते. 2019 साली आर.एस.व्ही.मुळे पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुले दगावली, असा 2022 मधील जागतिक अंदाज आहे. त्यांतील रुग्णालयात दगावलेली अवघी सव्वीस हजार. उरलेली तीन चतुर्थांश मुले कोणत्याही डॉक्टरच्या दप्तरात नाहीत. गर्भवतीला टोचून बाळाचे रक्षण करणारी लस 2023 मध्ये अमेरिका व युरोपात मान्य झाली. ती आपल्या सरकारी कार्यक्रमात घ्यावी काय, याचा निर्णय होताना ‘तुमच्याकडे किती मुले याने मरतात?’ हाच पहिला प्रश्न येईल. मेळघाटाकडे उत्तर आहे. वाशिमकडे नाही.

नमुना आणि नोंद यांची किंमत वाशिमला 2021 मध्ये कळून चुकली होती. त्या फेब्रुवारीत करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात प्रथम उसळली ती अमरावती विभागात. अमरावतीत 22 फेब्रुवारीपासून टाळेबंदी आली. त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यातील देगाव येथील निवासी शाळेच्या वसतिगृहात सव्वादोनशेंवर जण बाधित निघाले. विषाणूच्या जनुकीय रचनेची तपासणी करणारे प्रयोगशाळांचे राष्ट्रीय जाळे डिसेंबर 2020 मध्येच उभारले गेले होते. तरीही महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन लक्षणीय बदल असलेला विषाणू आढळल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले ते 24 मार्च रोजी. दरम्यान महिना उलटून गेला होता. याच बी.1.617 कुळातील एका शाखेला 31 मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ हे नाव दिले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत 1952 पासून जमत आलेले ज्ञान कमी पडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या ज्ञानाला तालुक्यातून येणारा नमुना वेळेवर आणि पुरेशा संख्येने मिळत नाही, हे दुखणे आहे.

आता ऑक्टोबर 2024 पासून वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इमारत, खाटा आणि अध्यापकांच्या जागा यांची चर्चा होईल, ती व्हावीच. परंतु त्या महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाने मालेगाव व मानोरा तालुक्यांतील काही गावे निवडून घरटी नोंद धरली, आठवड्याला धापेच्या मुलांची मोजणी केली आणि ठरावीक नमुने वर्षभर पुण्यास धाडले, तर त्याला मोठा खर्च येणार नाही. देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी 2020 साली अवघ्या साडेबावीस टक्के मृत्यूंच्या कारणावर डॉक्टरची सही होती. उरलेल्यांचे कारण ग्रामसेवक नातेवाइकांना विचारून लिहितो, आणि नातेवाईक बहुधा ‘ताप’ असेच सांगतात.

या कामात एक अडचण मात्र मेळघाटाच्या अनुभवावरून सुटणारी नाही. पावसाळा सरून थंडी पडू लागते, त्या काळात आपल्याकडे आर.एस.व्ही.चा जोर असतो. दिवाळीनंतर, याच सुमारास, तांड्यांतील कुटुंबे तान्ह्या मुलांसह हंगामी मजुरीसाठी जिल्ह्याबाहेर पडतात. गावच्या नोंदवहीत त्यांची नावे राहतात, आणि मुले दुसऱ्या जिल्ह्यातील पालावर असतात. तेथे मूल धापू लागले तर ते कोणत्या वहीत चढवावयाचे, हे कोणत्याही परिपत्रकात आधी ठरवून घ्यावे लागेल.