नोंदणीकार्डाची ज्येष्ठता आणि रिकामी वर्षे

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादेत, दहावी-बारावीचा निकाल लागला की सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचे, मुदतीत नूतनीकरण करायचे आणि 'कॉल' येण्याची वाट पाहायची, असा एक शिरस्ता होता. नोंदणी जितकी जुनी तितकी ज्येष्ठता वरची. वाट पाहण्यालाही काही मोल होते.

१९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना, तसेच २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त पदे या कार्यालयास कळविणे बंधनकारक केले होते. कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच नेमण्याचे बंधन मात्र त्यात नव्हते. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ सेवायोजनच्या यादीवर न थांबता वृत्तपत्रांतून जाहिरातही द्यावी, असा निर्णय दिला. समान संधीच्या दृष्टीने तो योग्यच होता. परंतु त्यामुळे जुन्या नोंदणीचे वजन संपले. आता चित्र उलटे आहे. मधली रिकामी वर्षे जितकी अधिक, तितका मुलाखत घेणारा साशंक.

ही वर्षे आळसात जातात असे मुळीच नाही. शेती कोरडवाहू, मोठे उद्योग थोडे. त्यामुळे पदवीधर मुले पुणे गाठून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. राज्य सेवेत थेट भरतीची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गास ३८ व मागासवर्गीयांस ४३ अशी ठरलेली असल्याने ही आशा तिशी ओलांडूनही टिकते. ती संपते तेव्हा हातात पदवी असते, पण अनुभवाचा एकही दाखला नसतो.

नेमका हाच दाखला देऊ शकणारी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. शिक्षणानुसार दरमहा ६, ८ वा १० हजार रुपये विद्यावेतन आणि सहा महिने प्रत्यक्ष काम, असे तिचे मूळ स्वरूप होते. वयाची अट मात्र १८ ते ३५! ज्याला अनुभवाची सर्वाधिक निकड, तो छत्तिशीतला उमेदवार दाराबाहेरच राहिला.

वरच्या वयाची अट नसलेली हमी महाराष्ट्राने पूर्वीच दिली होती. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या मराठवाड्याला रोजगार हमी योजना चांगलीच परिचयाची आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या योजनेचा कायदा १९७७ चा. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता. शहरी पगारदारांच्या वेतनातून कापला जाणारा व्यवसाय करही याच योजनेसाठी लावण्यात आला होता. पण ते काम अकुशल, अंगमेहनतीचे. पदवीधराला मातीकामाच्या हजेरीपटावर नाव लावणे म्हणजे शिकण्यात गेलेली वर्षे पुसून टाकण्यासारखे वाटते, आणि घरच्यांनाही ते रुचत नाही.

या दोहोंमधली जागा काही प्रमाणात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था भरून काढतात. अग्रणी बँकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या या संस्थांत प्रशिक्षण निवासी व विनामूल्य असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षणानंतर दोन वर्षे उमेदवाराचा पाठपुरावा होतो. दीर्घकाळ घरी बसलेल्याचा आत्मविश्वास पहिल्याच नकाराने पुन्हा खचतो. तेव्हा कर्जाचा अर्ज बँकेत का अडला, याची चौकशी करणारे कोणी असणे हीच खरी मदत ठरते. भूम परिसरातील खव्याचा धंदा असो की उस्मानाबादी शेळीचे पालन, तेथे नोंदणीची तारीख कोणी विचारत नाही. पहिले भांडवल आणि पहिले गिऱ्हाईक मात्र लागते.