कौल फुटलं तरी घर गळायला नको. उतरत्या छपराखाली काय घालावं?

एप्रिल-मेमध्ये वळीव गारा घेऊन येतो आणि जूनमध्ये घाटमाथ्यावर झड लागते. खानापूर, चंदगड, आंबोली, सत्तरी या पट्ट्यातल्या कौलारू घरांची खरी परीक्षा या दोन टप्प्यांत होते. मेमध्ये एखादं कौल तडकतं, कुणाच्या लक्षात येत नाही आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात भिंत ओली दिसते. तोवर पाखं शेवाळलेलं असतं. अशा वेळी छपरावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ. हात-पाय मोडून घेण्यापेक्षा घमेली मांडून चार महिने काढणारी घरं म्हणूनच कमी नाहीत.

यावर उपाय म्हणून कौलांखाली किंवा नव्या बंगल्यांवर दिसणाऱ्या डांबरी शिंगल्सखाली एक जादा थर घालायचा सल्ला दिला जातो. बाजारात 'मार सोसणारा', 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' असं सांगून बऱ्याच गोष्टी विकल्या जातात. पैसे घालण्याआधी हा थर काय करतो आणि काय करत नाही, हे समजून घ्यायला हवं.

मार किती जोराचा?

गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचं वजन आठ पट होतं. मोठी गार पडतेही जास्त वेगाने. त्यामुळे अडीच सेंटिमीटरच्या गारेपेक्षा पाच सेंटिमीटरच्या गारेचा तडाखा साधारण सोळा पट बसतो. बोराएवढ्या गारांनी काही न झालेलं छप्पर लिंबाएवढ्या गारांनी चाळणी होतं, ते यामुळे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल.

अमेरिकेत छपराच्या आवरणासाठी यू.एल. २२१८ ही चाचणी वापरतात. तिच्यात चार वर्ग आहेत. सर्वांत वरच्या, चौथ्या वर्गासाठी दोन इंच व्यासाचा पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात आणि आवरण उलटून मागे चीर पडली का ते पाहतात. या तडाख्याची ऊर्जा सुमारे ३० ज्यूल भरते.

आता आपल्याकडचा हिशेब पाहा. दीड किलोचा नारळ १५ मीटरवरून पडला तर ती ऊर्जा सुमारे २२० ज्यूल होते, म्हणजे त्या चाचणीच्या सात पट. माकडांची उडी आणि आंब्याची वाळकी फांदी वेगळीच. इतका मार भाजलेल्या मातीच्या कौलाने सोसावा ही अपेक्षाच चूक आहे.

थराचं खरं काम

खालचा थर कौल फुटण्यापासून वाचवत नाही. कौल फुटल्यावर आत आलेलं पाणी तो वळचणीपर्यंत वाहून नेतो आणि घरमालकाला पाऊस उघडेपर्यंत उसंत देतो. चाचणीचा 'चौथा वर्ग'सुद्धा वरच्या आवरणाला मिळतो, खालच्या कापडाला नाही. विक्रेता नुसत्या कापडालाच तो वर्ग चिकटवत असेल तर सावध व्हावं.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८६५ मध्ये मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि तिथून मंगलोरी कौल कोकण-गोव्यापासून बेळगावपर्यंत पोचलं. अनेक जुन्या घरांत या कौलांखाली सपाट छताची कौलं किंवा लाकडी फळ्या दिसतात. वरचं कौल फुटलं तर तुकडे अंगावर पडत नाहीत आणि गळतीही थेट होत नाही.

आज काय मिळतं?

डांबरी कागद: स्वस्त आणि ओळखीचा. पण उन्हात कडक होतो, ओढला की फाटतो. फळ्यांवर किंवा प्लायवर घातला तरच टिकतो.

विणलेलं सिंथेटिक कापड: पॉलिप्रॉपिलीनचं, हलकं आणि फाटायला चिवट. फुटक्या कौलाची धार लागली तरी सहसा टरकत नाही. यातलाच, पाणी अडवून वाफ बाहेर जाऊ देणारा प्रकार दमट हवेत जास्त बरा.

चिकट रबरी डांबराची शीट: खिळ्याभोवती घट्ट बसते, त्यामुळे खिळ्याच्या भोकातून पाणी झिरपत नाही. मात्र खाली सलग फळ्या किंवा प्लाय लागतो. पन्हळी, चिमणीचा कडेचा भाग, दोन पाखी मिळतात ती जागा, इथे ही घालावी.

साधं प्लॅस्टिक आणि बबल फॉइल: प्लॅस्टिक उन्हाने एक-दोन वर्षांत ठिसूळ होतं, शिवाय वाफ कोंडून वाशांना बुरशी येते. फॉइल उष्णता परतवायला असते. तिच्यावर गळती थांबवायचं काम सोपवू नये.

शिंगल्सचं गणित वेगळं

कौल कडक असतं आणि रिपांवर टेकतं. शिंगल्स लवचिक असतात, खालच्या प्लायवर विसंबून असतात. प्लाय पातळ असेल, फुगला असेल किंवा वाशांमधलं अंतर जास्त असेल तर गार पडताच शिंगल वाकतं आणि मागून चिरतं. म्हणून मार सोसायचा तर आधी प्लाय भक्कम हवा. जुन्या शिंगल्सवरच नवे शिंगल्स ठोकले तरी ताकद घटते.

उतारही महत्त्वाचा. अमेरिकी नियमांप्रमाणे १२ फुटांत २ फुटांपेक्षा कमी उतारावर शिंगल्स घालत नाहीत. २ ते ४ फुटांच्या उतारावर खालचा थर दुहेरी लागतो.

चूक कुठे होते?

सर्वांत जास्त फटका बसतो तो आडव्या रिपांमुळे. कापडावर थेट आडवी रीप ठोकली की आलेलं पाणी तिच्या वरच्या कडेला तुंबतं, रीप कुजते आणि खिळ्यातून गळती सुरू होते. योग्य क्रम असा: वासा, त्यावर कापड, त्यावर वाशाच्या रेषेत उभी पट्टी, मग आडवी रीप आणि शेवटी कौल. उभ्या पट्टीमुळे पाण्याला खाली जायला वाट राहते आणि हवाही खेळते.

कापड वळचणीकडून वर आढ्याकडे घालत जावं. वरचा पट्टा खालच्यावर चढला पाहिजे. खालचं टोक पन्हळीत उतरायला हवं. ते भिंतीवरच संपलं तर सगळं पाणी भिंतीत मुरतं. आणि कापड घालून दोन-तीन महिने उघड्यावर ठेवू नये, उन्हाने त्याचा जोर जातो.

जुन्या घराला काय करावं?

पूर्ण छपराची कौलं उतरवणं परवडत नसेल तर नारळाखालचं पाखं आणि पन्हळीचा भाग आधी करून घ्यावा. शाकारणीला माणूस येणारच असतो. त्याच वेळी वासे तपासणं, कुजलेल्या रिपा बदलणं आणि कापड घालणं एका खर्चात होतं. वीस-पंचवीस जादा कौलं आणि थोडे कोने घरात ठेवावेत, कारण जुन्या साच्याची कौलं पुढे जुळत नाहीत. छपरावर टेकलेली फांदी छाटणं आणि नारळ वेळेवर उतरवणं, हा उपाय कुठल्याही कापडापेक्षा स्वस्त.

काम देताना तीनच गोष्टी विचाराव्यात: उभी पट्टी घालणार का, कापडाचं टोक पन्हळीत सोडणार का, आणि हे कापड किती दिवस ऊन सोसतं. पहिल्या दोन प्रश्नांवर गडी 'त्याची काय गरज' म्हणाला, तर दुसरा गडी शोधायला मे संपेपर्यंत थांबू नये.