सुट्टी लागली म्हणजे मैदान भरतं का?



शाळेच्या क्रीडा स्पर्धांची तारीख ठरवायला बसलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सणाच्या, सुट्टीच्या आसपास ठेवा, म्हणजे लोक येतील." ऐकायला ते बरोबरच वाटतं. सुट्टीत माणूस मोकळा असतो आणि मोकळा माणूस सामना बघायला येतो. पण दरवेळी तसं होतं का? हे तपासायला फुटबॉल फार सोयीचा खेळ आहे. मोठ्या सामन्यांना तिकिटं असतात, प्रेक्षकांची मोजदाद होते, आकडे छापून येतात. शिवाय जगात सगळीकडे कुठल्या ना कुठल्या सणाच्या दिवसांत फुटबॉल चालूच असतो. आमच्या पिंपळनेर भागात फुटबॉल तसा कमीच. इथे कबड्डी, खो-खो आणि दिवाळीत टेनिस बॉलचं क्रिकेट. तरी या विषयातून आपल्या शाळेच्या कामाचं बरंच काही निघतं, म्हणून लिहितोय.

आधी सुट्टीचा अर्थ नीट पाहू. सुट्टी माणसाला वेळ देते हे खरं, पण त्याच वेळी ती माणसाला जागेवरून हलवते. दिवाळीच्या आदल्या दोन दिवसांत एसटी स्टँडवर उभं राहून बघा. पुण्याहून, नाशिकहून, सुरतहून येणाऱ्या गाड्या भरभरून येतात आणि इथून जाणाऱ्या बऱ्यापैकी रिकाम्या असतात. म्हणजे त्या चार दिवसांत शहर ओस आणि गाव भरलेलं. आता सामना शहरात असेल तर प्रेक्षक गावाला गेलेला आणि सामना गावात असेल तर प्रेक्षक नुकताच आलेला! सुट्टी एकच, परिणाम मात्र दोन्हीकडे उलटा. त्यामुळे "सुट्टी आहे का?" यापेक्षा "सुट्टीत माणसं कुठे असतात?" हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

याचं आपल्या देशातलं मोठं उदाहरण म्हणजे २०१७ चा सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक. तो भारतात झाला, ६ ते २८ ऑक्टोबर. शिक्षकांना आठवत असेल, त्याच्या आधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा उपक्रम घेतला होता. त्या दिवशी पहिल्यांदा फुटबॉलला पाय लावलेली पोरं आपल्याकडे पुष्कळ होती. या विश्वचषकाला एकूण १३ लाख ४७ हजार १३३ प्रेक्षक आले. ५२ सामने झाले, म्हणजे सरासरी एका सामन्याला जवळपास २६ हजार. या वयोगटाच्या विश्वचषकातला तो तेव्हाचा विक्रम होता. (५२ ने भागायचं उदाहरण पाचवीला जरूर द्या, बाकी किती उरते तेही विचारा.)

आता कॅलेंडर बघा. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होतं, म्हणजे दिवाळी स्पर्धेच्या बरोबर मधोमध आली. १९ आणि २० तारखेला सामनेच नव्हते. उपांत्यपूर्व फेरीच्या आधीची विश्रांती त्याच दिवसांत पडली. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८ तारखेला, म्हणजे नरक चतुर्दशीला, घाना आणि नायजर यांचा सामना झाला आणि त्यानंतर तिथला पुढचा सामना थेट २५ तारखेचा उपांत्य सामना. तोवर भाऊबीज उरकून माणसं परतायला लागलेली असतात.

भारताचे तिन्ही सामने दिल्लीत झाले, ६, ९ आणि १२ ऑक्टोबरला. शुक्रवार, सोमवार आणि गुरुवार. एकही दिवस सुट्टीचा नाही. तरी प्रत्येक सामन्याला ४५ हजारांपेक्षा जास्त लोक होते. कारण काय? एक तर घरचा संघ. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल, तो याच मैदानावर झाला. आणि दुसरं कारण आपल्या शिक्षकांच्या ओळखीचं आहे. सरकारने शाळांना मोफत पास दिले होते आणि हजारो मुलं शाळेच्या बसमधून मैदानावर आणली गेली होती. जरा विचार करा, हेच सामने दिवाळीच्या सुट्टीत असते तर ही मुलं कोणी गोळा केली असती? शाळा बंद, शिक्षक गावी, बस नाही. मुलांना एकत्र आणणारी सगळ्यात मोठी यंत्रणा म्हणजे शाळाच, आणि सुट्टीत नेमकी तीच बंद असते. मुलं मोकळी असतात, पण विखुरलेली असतात. मला या सगळ्या विषयातला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

त्याच स्पर्धेत उलटंही घडलं. इंग्लंड-ब्राझील हा उपांत्य सामना गुवाहाटीला ठरला होता. पावसाने तिथलं मैदान खराब झालं आणि अवघ्या दोन दिवस आधी सामना कोलकात्याला हलवला. २५ ऑक्टोबर, बुधवार. तयारीला वेळ नाही, आठवड्याचा मधला वार, तरी ६३ हजारांहून जास्त लोक आले. ज्या गावाला खेळाची सवय लागलेली आहे, तिथे तारीख फार आड येत नाही. सवय नसलेल्या ठिकाणी सुट्टी, मोफत पास, जाहिरात सगळं करावं लागतं.

सवयीचं आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण द्यायचं तर कोल्हापूर. तिथे पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशा तालमींचे आणि पेठांचे संघ आहेत. नावात तालीम आणि खेळ फुटबॉल, मुलांना याची फार गंमत वाटते! तिथला हंगाम पावसाळा आणि दिवाळी मागे पडल्यावर सुरू होतो आणि पुढचा पावसाळा यायच्या आत संपतो. सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर, शहराच्या अगदी मध्यात. शिवाजी पेठेतला किंवा मंगळवार पेठेतला माणूस चालत जाऊ शकतो. सामना दुपारचा, संध्याकाळी माणूस घरी. आपल्या पेठेचा पोरगा खेळतोय म्हटल्यावर सुट्टी आहे की नाही हे बघत बसत नाहीत. आता यात दुसरी बाजूही आहे. ईर्षेच्या सामन्याला हुल्लडबाजी होते, बंदोबस्त लावावा लागतो, आणि असं दोन-चारदा झालं की बायका-मुलांना घेऊन येणारा माणूस घरीच थांबतो. गर्दीमुळेही गर्दी कमी होते, असं म्हटलं तरी चालेल.

देशातल्या मोठ्या लीगचंही बघा. इंडियन सुपर लीग २०१४ ला सुरू झाली. पहिली तीन वर्षं ती ऑक्टोबर ते डिसेंबर अशी आटोपशीर असायची. अंतिम सामने २० डिसेंबर २०१४ ला नवी मुंबईत, २० डिसेंबर २०१५ ला गोव्यात फातोर्ड्याला आणि १८ डिसेंबर २०१६ ला कोच्चीला झाले. तिन्ही वेळा नाताळच्या आधी. आता गोव्यात आणि केरळात नाताळ म्हणजे घरचा सण, आपली दिवाळी असते तसाच. चोवीस तारखेच्या रात्री माणूस चर्चमध्ये जाईल की स्टेडियममध्ये? शिवाय त्या आठवड्यात गोव्याचे रस्ते पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेले असतात. पर्यटक गोव्यात येतो तो समुद्रासाठी. गावात माणसं वाढली म्हणून मैदानात वाढतीलच असं नाही.

मग इंग्लंडमध्ये कसं जमतं? टीव्हीवर मुलं बघतात की नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, तिथे सामने होतात आणि स्टेडियम भरलेली असतात. त्या दिवसाला ते बॉक्सिंग डे म्हणतात. (मुष्टियुद्धाशी त्याचा काही संबंध नाही, हे वर्गात आधीच सांगून टाकावं!) पूर्वी तर २५ तारखेला सुद्धा सामने होत. १९५७ नंतर नाताळच्या दिवशी सामन्यांची पूर्ण फेरी ठेवणं तिथे बंद झालं. त्या दिवशी रेल्वे आणि बस कमी होत गेल्या, लोकांना घरात राहावंसं वाटू लागलं, आणि मैदानावर दिवे आल्यामुळे इतर दिवशी संध्याकाळी सामने घेता येऊ लागले. २६ तारीख मात्र टिकली. सणाचं जेवण आदल्या दिवशी झालेलं, पाहुणे घरातच, सुट्टी अजून शिल्लक, आणि आता काय करायचं हा प्रश्न. आपल्याकडे भाऊबीज झाल्यावरची दुपार असते ना, तसं. आजही त्या दिवशी तिथे रेल्वे जवळजवळ बंद असते, म्हणून शक्यतो जवळजवळच्या गावांचे संघ एकमेकांशी खेळवायची पद्धत आहे. त्याचा दुहेरी फायदा होतो. प्रवास कमी आणि शेजाऱ्याशी ईर्षा जास्त!

याच तारखेची एक गोष्ट मुलींना आवर्जून सांगण्यासारखी आहे. २६ डिसेंबर १९२० ला रविवार होता, म्हणून सुट्टीचा सामना सोमवारी २७ तारखेला झाला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर. डिक कर लेडीज आणि सेंट हेलेन्स या दोन महिला संघांचा तो सामना बघायला ५३ हजार लोक आले, आणि जागा नाही म्हणून हजारो बाहेर राहिले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांचे सामने होऊ देऊ नयेत असा ठराव केला. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं राहिली. बायकांचा खेळ बघायला कोणी येत नाही असं जे आपण सहज बोलतो, त्याला हा आकडा पुरेसा आहे. प्रेक्षक होते, मैदानच काढून घेतलं.

इंग्लंडला एक गोष्ट सोपी जाते. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, म्हणून सवय लावता येते. आपली दिवाळी चांद्र महिन्यावर चालते. २०१७ ला लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला, २०२१ ला ४ नोव्हेंबरला, २०२३ ला १२ नोव्हेंबरला. म्हणजे "दरवर्षी अमुक तारखेला सामना" असं दिवाळीचं ठरवताच येत नाही. लवकर आली तर परतीचा पाऊस मैदानात, उशिरा आली तर थंडी. इंग्रजी तारखेऐवजी "भाऊबीजेनंतरचा पहिला रविवार" असं ठरवलं तर लोकांच्या लक्षात राहील.

आता आपल्या साक्री तालुक्याकडे येऊ. आपल्याकडे दिवाळीनंतर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यांवरून कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात. नवरा-बायको दोघं कोयत्यावर, आणि सांभाळायला कोणी नसेल तर पोरंही सोबत. वर्गातले बाक रिकामे दिसू लागतात. जे गावात राहतात त्यांचीही कापूस वेचणी असते, पुढे कांद्याची लागवड येते. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, माणसं त्यात गुंतलेली असतात. त्याच पौर्णिमेला सारंगखेड्याची दत्त जयंतीची यात्रा, घोड्यांचा बाजार. हे सगळं डिसेंबरच्या आसपासचं, आणि आपल्या शालेय स्पर्धाही बऱ्याचदा नेमक्या डिसेंबर-जानेवारीत. मग म्हणायचं, पालकांना मुलांच्या खेळाची आवडच नाही! अहो, पालक इथे आहेत कुठे?

माझं मत असं की आपल्या भागात शाळेची स्पर्धा पालकांनी बघावी असं वाटत असेल तर ती दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात घ्यावी. तेव्हा शाळा चालू असते म्हणून मुलं हाताशी असतात आणि तोडीला जाणारी कुटुंबं अजून गावात असतात. बाजाराचा दिवस टाळावा. शाळेच्या स्पर्धेला तिकीट नसतं, पण मजुरीवर जाणाऱ्या बाईला अर्धा दिवस थांबणं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडणं, ते तिचं तिकीटच झालं. म्हणून अंतिम सामना दुपारी चारच्या पुढे ठेवला तर शेतातून परतताना ती थांबू शकते. मुलींचा सामना सकाळी उरकून टाकायची पद्धत मला पटत नाही. तो शेवटी, सगळ्यांसमोर ठेवावा. जो पोरगा किंवा पोरगी पुढचे चार-पाच महिने उसाच्या फडात असणार, त्याच्या आई-बापाने त्याला एकदा मैदानात पळताना बघितलेलं असावं. पुढे मुलाला आजी-आजोबांकडे ठेवून शाळा चालू ठेवायची की सोबत न्यायचं, हे ठरवताना ती गोष्ट त्यांच्या डोक्यात असते. स्पर्धा जिंकण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर चौथी-पाचवीच्या मुलांना प्रेक्षक मोजायला सांगा. सगळं मैदान एकदम मोजता येत नाही. चुन्याने मैदानाच्या कडेचे सारखे दहा भाग पाडायचे, दोन भागांतली माणसं नीट मोजायची आणि त्यावरून अंदाज काढायचा. समजा एका भागात १८ आणि दुसऱ्यात २२ माणसं निघाली, तर सरासरी २० आणि अंदाज २००. मग दुसऱ्या गटाकडून खरोखर सगळी मोजून घ्यायची आणि फरक बघायचा. सावलीच्या बाजूला माणसं जास्त असतात, त्यामुळे उन्हातले दोन भाग मोजणाऱ्या गटाचा अंदाज कमी येतो, आणि हे पोरांनी स्वतः शोधून काढलं की फार मजा येते. सोबत वहीत चार रकाने आखायचे: वार, वेळ, हवामान आणि त्या दिवशी गावात आणखी काय होतं. हा शेवटचा रकाना पोरं सगळ्यात चांगला भरतात. लग्न, बाजार, कीर्तन, लाईट गेलेली, टँकर आलेला, त्यांना सगळं माहीत असतं.