क्षेत्रफळ व वर्गसमीकरण

क्षेत्रफळ व वर्गसमीकरण : अज्ञात राशीचा सर्वांत मोठा घात दोन असलेल्या समीकरणास वर्गसमीकरण म्हणतात. त्याचे सर्वसाधारण रूप अक्ष² + बक्ष + क = ० (अ ≠ ०) असे असते. क्षेत्रफळ हे दोन लांब्यांच्या गुणाकाराने मिळत असल्यामुळे त्यासंबंधीच्या उदाहरणांत अशी समीकरणे स्वाभाविकपणेच उद्भवतात.

इतिहास : प्राचीन बॅबिलोनियन काळातील (सु. इ. स. पू. २०००–१६००) एका मृत्तिकापट्टावर, चौरसाचे क्षेत्रफळ व बाजू यांची बेरीज ३/४ असता बाजू काढण्याचे उदाहरण असून उत्तर १/२ असे दिलेले आहे. हा पट्ट ब्रिटिश म्यूझीयममध्ये आहे. नवव्या शतकात अल्-ख्वारिझ्मी यांनी क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण आकृतीच्या साहाय्याने सोडविले. क्ष बाजूच्या चौरसाच्या दोन लगतच्या बाजूंना ५ रुंदीचे आयत जोडले असता कोपऱ्यात २५ क्षेत्रफळाची जागा रिकामी राहते. ती भरल्यावर ६४ क्षेत्रफळाचा चौरस पूर्ण होतो; म्हणून क्ष + ५ = ८ व क्ष = ३. ‘वर्ग पूर्ण करणे’ या संज्ञेचा भूमितीय अर्थ हाच होय. भारतात श्रीधराचार्यांची रीत दुसरे भास्कराचार्य यांनी बीजगणित (११५०) या ग्रंथात उद्धृत केली आहे.

उत्तराची निवड : समीकरणाची दोन्ही मुळे उदाहरणाची उत्तरे असतातच असे नाही. ३० मी. × २० मी. बागेच्या आत कडेने सारख्या रुंदीचा, १८४ चौ. मी. क्षेत्रफळाचा रस्ता करावयाचा आहे. रुंदी क्ष मी. मानल्यास (३० − २क्ष)(२० − २क्ष) = ४१६, म्हणजेच क्ष² − २५क्ष + ४६ = ०. याची मुळे २ व २३ ही आहेत. २३ हे मूळ धन असूनही त्याज्य ठरते. कारण त्याने दोन्ही अवयव ऋण होतात आणि केवळ त्यांचा गुणाकार जुळतो. रुंदी २ मी. होय.

शक्याशक्यता : ४० मी. परिमितीच्या आयताचे क्षेत्रफळ ‘स’ असल्यास क्ष² − २०क्ष + स = ०. याचा विवेचक ४०० − ४स आहे. स = ९६ असता बाजू ८ व १२ येतात, स = १०० असता आयत चौरस होतो आणि स त्याहून मोठा असल्यास असा आयत संभवत नाही. उलट २० मी. × २ मी. जागेची परिमिती ४४ मी. असली, तरी क्षेत्रफळ केवळ ४० चौ. मी. भरते. अधिक परिमितीची, पण कमी क्षेत्रफळाची जमीन सहकाऱ्यांना देऊन स्वतः प्रामाणिक म्हणविणाऱ्यांचा उल्लेख पाचव्या शतकातील ग्रीक भाष्यकार प्रॉक्लस यांनी केला आहे.