सेवकवर्गाचे सुरक्षा-प्रशिक्षण : ते मनापासून ऐकले जावे यासाठी



मंदिर म्हटले की दर्शन, पूजा, उत्सव आणि महाप्रसाद डोळ्यांसमोर येतो. परंतु हेच मंदिर अनेकांचे रोजचे कामाचे ठिकाण आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मुदपाकखान्यात आचारी उकळत्या तेलाच्या कढईजवळ तासन्‌तास उभे असतात, कोणी शिडीवर चढून रोषणाईच्या माळा बांधतो, कोणी ओल्या फरशीवरून पाण्याच्या बादल्या वाहतो. या मंडळींना सुरक्षिततेचे शिक्षण द्यावे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो कसे द्यावे हा.

प्रचलित पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. उत्सवापूर्वी सर्वांना सभागृहात बसवावे, पाहुण्यांनी तासभर बोलावे, शेवटी हजेरीपत्रकावर सह्या घ्याव्यात. ऐकणाऱ्यांचे अर्धे लक्ष चुलीवर आणि अर्धे घड्याळाकडे! यात सेवकांचा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. वीस वर्षे भट्टीसमोर काढलेल्या आचाऱ्यास ‘आगीपासून सावध राहावे’ असे सांगण्यात नवे ते काय?

येथे आपल्या कीर्तनपरंपरेचा दाखला घ्यावासा वाटतो. पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, अशी नारदीय कीर्तनाची मांडणी असते. आख्यान सुरू झाले की मागे बसलेलेही पुढे सरकतात. प्रशिक्षणात हा क्रम उलटा करावा. आधी घडलेली गोष्ट सांगावी, नियम मागाहून यावा. उज्जैनच्या श्रीमहाकालेश्वर मंदिरात २५ मार्च २०२४ रोजी, धुळवडीच्या पहाटे, भस्मारतीच्या वेळी गर्भगृहात गुलाल उधळला गेला आणि आग भडकली. पुजारी व सेवकांसह १०हून अधिक जण भाजले. ही हकीकत सांगून श्रोत्यांनाच विचारावे : गुलाल तर रोजच्या हाताळणीतला, मग तो पेटला कसा? उत्तरे येऊ द्यावीत. मगच सांगावे की स्टार्चसारख्या पदार्थाची बारीक भुकटी ढिगात असताना सहजी पेटत नाही. पण हवेत उधळली की प्रत्येक कणाभोवती हवा मिळते, आणि कापराची एक ज्योत पुरेशी होते. एवढे समजलेला सेवक आरतीच्या ताटाजवळ गुलालाची परात कधीही ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की शिक्षण सभागृहात नव्हे, कामाच्या जागी व्हावे. मुदपाकखान्यात उभे राहून आचाऱ्यास विचारावे, ‘तेल पेटले तर काय कराल?’ ‘पाणी ओतू’ असे उत्तर कोणीतरी देतोच. पाणी तेलाहून जड असल्याने तळाशी जाते, क्षणार्धात त्याची वाफ होते, वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १,७०० पट असते, आणि ती वाफ जळते तेल चहूकडे उडविते. म्हणून शेगडी बंद करून कढईवर झाकण सरकवायचे आणि तेल निवेपर्यंत ते उचलायचे नाही. थंड, रिकाम्या कढईवर हे प्रत्येकाकडून करवून घ्यावे. करू लागल्यावर खरा प्रश्न पुढे येतो : एवढ्या मोठ्या कढईला झाकण आहे का, आणि असल्यास ते भांडारात कुलुपात तर नाही? व्याख्यानातून हा प्रश्न कधीच निघत नाही.

गॅसच्या नळीला व जोडाला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे पाहणे, हा प्रयोग तर सर्वांनाच आवडतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. म्हणून वास आला की विजेच्या बटणास हात न लावता दारे-खिडक्या उघडाव्यात, हेही तेथेच दाखवावे. अग्निशामक सिलिंडर तर प्रत्येकाने एकदा तरी स्वतः चालवून पाहावा. पिन काढणे, तोटी ज्वाळेच्या बुडाशी रोखणे, दाबणे, डावीउजवीकडे फिरविणे, एवढेच काम. पण लहान सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आतच रिकामा होतो, हे हातात धरल्याशिवाय पटत नाही.

सोवळ्याचा विषय नाजूक आहे, तरी लिहितो. बाजारात रेशमी म्हणून मिळणारी पुष्कळ वस्त्रे कृत्रिम धाग्यांची असतात, आणि ती पेटली की वितळून अंगाला चिकटतात. भट्टीजवळ धूतवस्त्र सुतीच असावे. भाजल्यावर हळद, शाई वा दंतमंजन न लावता नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे जखम धरावी, हेही प्रत्यक्ष नळाखाली हात धरून दाखवावे.

सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सेवकांचे स्वतःचे अनुभव. ‘शिडी सरकली, पण वाचलो’, ‘तारेचा झटका बसला, पण कोणाला बोललो नाही’, अशा हकीकती प्रत्येकाजवळ असतात. त्या बाहेर येत नाहीत, कारण बोलल्यास दोष आपल्यावर येईल किंवा रोजंदारी जाईल, ही भीती. सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे विश्वस्तांनी सर्वांसमक्ष सांगितले पाहिजे आणि ती सरकलेली शिडी त्याच आठवड्यात बदलली पाहिजे. शिडी न बदलता पुढचा वर्ग घेतल्यास त्यात कोणी तोंड उघडणार नाही, आणि ते योग्यच आहे.

भाषेचाही विचार व्हावा. इंदूर-उज्जैनकडील संस्थानांत विश्वस्त मराठी बोलतात, परंतु भांडी घासणारे, झाडलोट करणारे अनेकजण माळवी वा हिंदी बोलतात. काहींना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी शुद्ध मराठीतील सुबक फलक ही केवळ भिंतीची शोभा ठरते. त्यांच्यापैकीच एखाद्या जाणत्या सेवकाकडे शिकविण्याचे काम सोपवावे.

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या दिवशी शपथ घेण्याचा प्रघात आहे. तो अवश्य पाळावा, परंतु महिन्यातून एकदा, पगारी वेळेतच, एकाच विषयावर १५ मिनिटे दिल्यास लाभ अधिक होतो. शेजारतीनंतर थकलेल्या माणसांना थांबवून घेऊ नये. उत्सवापुरते येणारे वाढपी व मांडववाले या मासिक वर्गांत नसतात. त्यांना कामावर रुजू होतानाच, पहिली कढई चढण्यापूर्वी, झाकण, गॅसची कळ आणि बाहेर पडण्याचे दार या तीन जागा समक्ष नेऊन दाखवाव्यात.